टेकडीवरचा निळा गोंडा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. कोणत्या राज्यातली ते विचारू नका, कारण सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नाही. पण त्या राज्यात एक टेकडी होती आणि तिच्यावर खेळायला आसपासची गावेच्या गावे लोटत, एवढे मात्र नक्की.

टेकडी चढायची, पण सरळ वाटेने नाही. आधी करवंदीच्या जाळ्यांतून वाट शोधायची, मग दोराला लोंबकळत घळ ओलांडायची आणि शेवटी खोल ओढ्यावर टाकलेल्या एका ओंडक्यावरून पलीकडे जायचे. हे सगळे सांभाळायला एक राखणदार होता. सुगी झाली की प्रत्येक घर त्याला पायलीभर धान्य देई आणि वर्षभर हवे तेवढे खेळे. राखणदार जुने दोर बदली, काटे छाटी, ओंडक्यावरचे शेवाळ खरवडी. माथ्यावर पोचेल त्याला तो स्वतः विणलेला निळा गोंडा देई.

कुणी तो पागोट्याला लावी, कुणी वेणीत गुंफी. बाजारात गोंडा दिसला की अनोळखी माणसेही थांबवून विचारत, "ओंडक्यावरून कसे गेलात हो?" मग अशा काही गप्पा रंगत, की भाजी घ्यायची राहून जाई. राखणदाराला त्या लांबून ऐकायला फार आवडे.

गावातली एक कुंभारीण दर वर्षी ओंडक्यापर्यंत येई आणि तिथे तिला घेरी येई.

"बाई, खाली बघू नका. पलीकडचं जांभळीचं झाड बघा," राखणदार सांगे.

"झाडच गरगर फिरतंय, दादा!" ती म्हणे आणि हसत परत फिरे. ही बाई एकदा तरी पलीकडे जावी, असे त्याला मनापासून वाटे.

एके दिवशी अत्तराचा एक व्यापारी आला. तो म्हणाला, "दुकान सोडून चढायला मला वेळ कुठला? मोहर घ्या आणि एक गोंडा द्या."

राखणदार घुटमळला. मग त्याने मनाची समजूत घातली. गोंडा म्हणजे अखेर लोकरच ना? एक दिल्याने कुणाचे काय जाते? त्याचे घर गळत होते आणि मोहर चकचकीत होती. महिनाभरात टेकडीच्या पायथ्याशी गोंड्यांचे दुकान लागले.

मग कुणी म्हणाले, "ओंडक्याची भीती वाटते, काही सोय करा." राखणदाराने ओढ्याला वळसा घालून सरळ वाटेने वर जाणारी डोली केली. पैसे द्या, डोलीत बसा, माथ्यावर उतरा. पावसाळ्यात ओंडका निसरडा झाला आणि डोलीपुढे ही गर्दी उसळली! शेवाळ खरवडायचे काम राखणदाराने उद्यावर ढकलले. उद्याचे परवावर गेले.

उन्हाळ्यात शेवाळ सुकू लागले, तसा डोलीचा धंदाही बसू लागला. तेव्हा एका सकाळी त्याने घागर भरली आणि ओंडक्यावर ओतली. आसपास कुणी नव्हते, तरी त्याने एकदा मागे वळून पाहिले. मग तो रोजच ओतू लागला.

त्याच उन्हाळ्यात कुंभारीण आली. तिने पदर खोचला आणि ओंडक्यावर पाय ठेवला. राखणदार धावत ओंडक्यापाशी आला.

"बाई, डोलीत बसा! तुमच्याकडून मी पैसे घेणार नाही."

"नको दादा. मग एवढी वर्षं मी येत कशाला होते?"

मध्यावर तिचा पाय सटकला. क्षणभर ती दोन्ही हातांनी ओंडक्याला लोंबकळत राहिली. राखणदाराने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती ओंडक्यावर पालथी पडून इंचाइंचाने पुढे सरकत होती. पलीकडे पोचल्यावर ती जांभळीला मिठी मारून रडली. माथ्यावर राखणदाराने तिच्या हातात गोंडा ठेवला.

आठवड्याने ती परत आली आणि तिने गोंडा दुकानाच्या फळीवर ठेवला.

"काय झालं, बाई?"

"बाजारात एकाने थांबवलं. वाटलं, आता विचारेल. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, 'मावशी, कितीला पडला?'"

राखणदाराने गोंडा उचलून तिच्यापुढे धरला, पण तिने तो घेतला नाही.

"भर उन्हाळ्यात ओंडका ओला कसा, ते मी विचारत नाही," ती शांतपणे म्हणाली. "पण दादा, वाट नीट ठेवायची म्हणून तुम्ही आमचं धान्य घेता आणि वाट टाळायची म्हणून पैसे घेता. मग वाट नीट ठेवून तुमचं भलं कसं व्हायचं?"

ती गेली. त्याच दिवशी राखणदाराने दुकान मोडले, डोलीच्या फळ्या चुलीत घातल्या, ओंडका खरवडून स्वच्छ केला आणि लोकांची वाट पाहत बसला. पण ज्यांच्याकडे गोंडा होता त्यांना चढायचे कारण नव्हते, आणि ज्यांच्याकडे नव्हता त्यांना तो हवासा वाटत नव्हता. सुगी आली. त्याच्या दारात धान्याचा एक दाणाही आला नाही. बाजारात त्याचे गोंडे बैलांच्या शिंगांना बांधलेले होते आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हते. टेकडी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती, फक्त खेळायला कुणी उरले नव्हते.

तात्पर्य: वाट राखण्याचे मोल घेतलेल्याने वाट टाळण्याची सोय विकू नये; नाहीतर तो शेवटी वाट सोडून अडथळेच राखू लागतो.