घरच्या माणसाचा प्रत्यय

“मग आता नावाडी बोली बोलणारे किती जण उरलेत, सर?”

“तुला ठाऊक आहे.”

“मला ठाऊक आहे, पण ते तुमच्या तोंडून यायला हवं. रेकॉर्डिंग चालू आहे.”

साटोटे सरांनी समोरच्या माइककडे पाहिलं. मग काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे.

“एक,” ते म्हणाले. “आणि तोही बोलत नाही.”

हेमकांत वाघुळदेने मान डोलावली. वाक्य चांगलं होतं. पण मराठीत होतं.

दिवाळीची सुट्टी लागलेली. भाषाशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात एकच दिवा जळत होता आणि वर्गांना कुलपं होती. सुट्टी संपली की लगेच आंतरराष्ट्रीय परिषद. परदेशी विद्वान येणार होते. त्यांना विभाग आवडला, तर मरू घातलेल्या बोलींचं कायमचं संग्रहालय इथे उभं राहणार होतं, आणि त्याचा प्रमुख कोण होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. हेमकांतनेही. त्यासाठीच तो यंदा दिवाळीला गावी गेला नव्हता. आईने फोनवर एकदाच विचारलं.

उद्घाटनाला दीपप्रज्वलन नको, असं त्यानेच ठरवलं होतं. सभागृहातले दिवे मालवायचे आणि अंधारात मिनिटभर साटोटे सरांचा आवाज ऐकवायचा. नावाडी बोलीतला शेवटचा आवाज.

तापीकाठच्या दोन-तीन गावांतले नाव चालवणारे लोक ही बोली बोलत. गावं धरणात गेली, माणसं पांगली, पोरं मराठी-हिंदी बोलू लागली. त्या लोकांतला एक मुलगा शिकून भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला, ते हे एकनाथ साटोटे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बोली टिपल्या. आपली स्वतःची त्यांनी हेमकांतला दिली. शिकवली म्हणण्यापेक्षा, त्याने विचारलं तेवढं सांगितलं. त्यावर हेमकांतने नावाडी क्रियापदांचं जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्या पुस्तकाने त्याला नाव मिळालं.

“काहीही बोला सर. लहानपणीचं. नदीचं. पुराचं.”

सरांनी तोंड उघडलं. मिटलं.

“माझी वाक्यं अर्धी असतात, हेमकांत.”

“म्हणजे?”

“उरलेलं गोदा बोलायची. मी सुरुवात करायची, तिने मध्येच तोडायचं. भांडणसुद्धा तसंच. पूर्ण वाक्याची मला सवय नाही राहिली.”

सरांच्या पत्नीला, गोदाकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. हेमकांत तेव्हा भेटायला गेला होता. शुद्ध मराठीत चार शब्द बोलून, चहा घेऊन परत आला होता. सगळेच तसे आले होते.

“नंतर तुम्ही कधीच बोलला नाहीत? घरी, एकट्याने?”

“काही दिवस तिच्या फोटोशी बोललो.”

“मग?”

“फोटो मध्येच तोडत नाही.”

...

हेमकांतने घड्याळ पाहिलं. मग ते सरांना दिसलं असेल म्हणून ओशाळला. खोलीत हवा कोंडली होती. आवाज टिपला जाऊ नये म्हणून पंखा त्यानेच बंद केला होता.

“समोर कुणी असेल तर जमेल,” सर म्हणाले.

“मी आहे ना, सर.”

“तू आहेस?”

हेमकांतला ते लागलं. तो खुर्चीत ताठ झाला.

“सर, राग मानू नका. पण या बोलीचं क्रियापद आज माझ्याइतकं कुणाला कळत नाही. तुमच्याखेरीज.”

“माझ्याहून तुला जास्त कळतं. आम्ही नुसतं बोलायचो. त्याला नियम होते, हे तुझं पुस्तक वाचून कळलं.”

टोमणा आहे की कौतुक, हे हेमकांतला ठरवता आलं नाही. सरांचा चेहरा सरळ होता.

मग सरांनी हात पुढे केला आणि माइकवर ठेवला. अख्खा तळवा. हेमकांतकडे पाहत ते हळूच काहीतरी बोलले. नावाडीत. तीन-चार शब्द असतील.

हेमकांत खुर्चीतून पुढे झुकला.

“सर... शेवटचा प्रत्यय...”

“हं?”

“हा प्रत्यय मी पुस्तकात नुसत्या तर्काने मांडलाय. असं रूप असायला हवं, पण कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, असं लिहिलंय. नावेत बसणाऱ्या उतारूला सांगायचं रूप वेगळं आणि घरच्या माणसाला विनवायचं वेगळं. हे घरचं. आज्ञार्थ, पण धार काढून घेतलेला.” तो भराभर बोलत होता. “म्हणजे माझा तर्क बरोबर होता.”

“बरोबर होता.”

“सर, एकदाच पुन्हा म्हणा. माइकवरचा हात काढून.”

सरांनी हात काढला नाही.

“मी काय म्हणालो, सांग.”

“सोपं आहे. ‘मला जरा पाणी देतोस का रे.’”

“बरोबर,” सर म्हणाले.

...

हेमकांत हसत होता. अजून त्या प्रत्ययातच होता. सर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

हळूहळू त्याचं हसू ओसरलं.

त्याने टेबलाकडे पाहिलं. वायरी होत्या, परिषदेची छापील पत्रिका होती. पेला नव्हता. यंत्रं खराब होतात म्हणून या खोलीत पाणी आणू नये, अशी पाटी त्यानेच दारावर लावली होती. आणि भर उन्हात रिक्षाने आणल्यापासून त्याने या म्हाताऱ्या माणसाला नुसते प्रश्न विचारले होते.

तो उठला. व्हरांड्यातला पाण्याचा कूलर सुट्टीमुळे बंद. धावत आपल्या खोलीत गेला, स्वतःची बाटली घेऊन आला, झाकण काढून सरांच्या हातात दिली. ती धरायला सरांनी माइकवरचा हात काढला.

ते प्याले. बराच वेळ, घोट घोट.

हेमकांत शेजारी उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मराठीत ते बोलवेना. इतक्या वर्षांत तो सरांशी नावाडीत एक वाक्यही बोलला नव्हता. जिच्यावर पुस्तक लिहिलं ती भाषा चुकली तर, ही धास्ती. तोंडात शब्द जुळवले, मनातल्या मनात तपासले, आणि चाचरत विचारलं, अजून देऊ का.

सर थांबले. बाटली खाली ठेवली. मग त्यांचे खांदे हलू लागले.

ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेनात.

“मी काय नावेत बसलोय?” त्यांनी नावाडीतच विचारलं. “तू तर माझ्याकडे भाडं मागतोयस.”

हेमकांतचे कान तापले. घरच्या रूपाऐवजी त्याच्या तोंडून उतारूचं रूप गेलं होतं. आत्ताच समजावून सांगितलेलं.

त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. सरांनी त्याला मध्येच तोडलं आणि वाक्य पुरं केलं. मग नदीचं काही सांगू लागले. हेमकांतला निम्मंअर्धं कळलं. न कळलेलं त्याने विचारलं, मोडकंतोडकं, जसं येईल तसं. सर तोडत राहिले, बोलत राहिले.

बाहेर ऊन उतरलं. सर दमून खुर्चीत मागे टेकले तेव्हा हेमकांतच्या ध्यानात आलं, यंत्र त्याने बंदच केलं नव्हतं. सगळं टिपलं गेलं होतं.

त्याने हेडफोन लावून थोडं ऐकलं. सरांचा आवाज स्वच्छ होता, मोकळा होता. मध्ये मध्ये त्याचा स्वतःचा, अडखळणारा, चुकणारा.

“सर, उद्घाटनाला यातलंच मिनिटभर लावतो,” तो म्हणाला. “मधलं माझं बोलणं तेवढं कापून टाकतो. एवढ्या विद्वानांपुढे ते ऐकवण्यासारखं नाही.”

सरांनी उरलेलं पाणी संपवलं, बाटलीला झाकण लावलं आणि ती त्याच्या हातात दिली.

“माझं काप,” ते म्हणाले. “तुझं ठेव.”