सरांच्या मापाचा तंबू

गडाच्या पायथ्याला एका गावात झुंबर नावाचा एक भोळा गडी राहायचा. दाराकडे लक्ष ठेव म्हटलं, तर चोर खिडकीतून शिरला तरी हा दाराकडेच बघत बसायचा.

गावातले हिरवे सर दरवर्षी चारपाच जणांना घेऊन गडावर मुक्कामाला जायचे. झुंबरला जायची फार फार हौस. आठ वर्षं सरांनी त्याला टाळलं. यंदा म्हणाले, "आपलं सामान आपण शिवायचं. पॅराशूटचं कापड आण, वजन अजिबात नको. रविवारी बघायला येतो. जमलं तर नेईन, नाही तर पुन्हा माझ्यामागे लागायचं नाही."

झुंबरने जन्मात साधं बटण लावलं नव्हतं. पण वहिनी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. झुंबर तिच्या मशीनला नमस्कार करून बसला.

आधी पाठीवरची पिशवी. एक बाजू शिवली, दुसरी शिवली, तिसरी शिवली. हात बसला होता, चौथीही शिवली.

"वहिनी, झाली पिशवी. आता सामान कुठून घालायचं?"

वहिनीने कपाळावर हात मारला. "अहो भावजी, तोंड नको का ठेवायला?"

"तोंडाला नाडी लागती. वजन वाढतं."

"वाढू द्या! काहीही शिवा, आधी तोंड ठेवा."

"बरं. आता तसंच करतो."

मग त्याने पावसात डोक्यावर ताणायचं छत शिवलं. अंगणात चार खुंट्यांना बांधलं. वहिनीने खाली उभं राहून वर बघितलं, तर मधोमध घागरीएवढं आभाळ.

"हे काय?"

"तोंड."

"अहो, पाऊस आत येईल की! भोक दिसलं की शिवून टाकायचं."

"बरं. आता तसंच करतो."

मग मच्छरदाणी. तिच्यापायी झुंबर तीन दिवस धड जेवलासुद्धा नाही. सात रिळं संपली. चौथ्या दिवशी डोळे चोळत वहिनीकडे आला.

"भोकं लई होती, वहिनी. पण एक सोडलं नाही."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. बिचारा तीन दिवस खपला होता. "अहो भावजी, आत माणूस निजणार ना? त्याचा विचार नको का? आता तंबूच्या वेळी आधी माणूस आत निजवून बघा, मगच शिवा."

"बरं. आता तसंच करतो."

रविवारी सर आले. अंगणात तंबूचं कापड नुसतंच काठ्यांवर टाकलेलं होतं.

"सर, जरा आत निजता का?"

सर उन्हातून चालून दमले होते. आत गेले, आडवे झाले आणि घोरायला लागले.

झुंबरने सुई घेतली. डावी बाजू शिवली, उजवी शिवली. मागची शिवली. पुढे बघतो तर हे भलंमोठं भोक! बरं झालं वेळेवर दिसलं. तेही शिवलं.

वहिनी चहा घेऊन आली. "सर कुठायत?"

"आत. आधी निजवलं, मग शिवलं."

तेवढ्यात तंबू गदागदा हलला. "अरे झुंबर! दार कुठाय? बाहेर काढ मला!"

झुंबरचा चेहरा पडला. डोळ्यांत पाणी आलं.

"घात झाला, वहिनी. आवाज बाहेर येतोय. म्हणजे कुठंतरी भोक राहिलंच."

आणि त्याने सुईत दुहेरी दोरा ओवला.