हळदीचं बोट

एका राज्यात एक नगर होतं, आणि त्या नगराची एक रीत होती. कुठे पायरी निखळली, कठडा हलला, भिंतीला पोट आलं, की ज्याच्या आधी नजरेस पडेल त्यानं तिथं हळदीचं बोट लावायचं. मग आळीनं जमून डागडुजी करायची. काम पुरं झालं की ज्यानं बोट लावलं त्यानंच ते पुसायचं. बोट आहे तोवर काम बाकी.

पुढे राजाच्या दरबारी मायाधर नावाचा जादूगार आला. "महाराज, प्रजेनं चिखलात हात का घालावेत?" असं म्हणून त्यानं प्रत्येक आळीला एक बोलकी साळुंकी दिली. मोडकंतोडकं साळुंकीला सांगायचं, ती राजवाड्यात सांगेल, राजवाडा दुरुस्त करील. साळुंकी मान डोलावी, म्हणे, "ऐकलं, ऐकलं." लोकांचं ओझं उतरे. सात वर्षांत कुणी एक दगड बसवला नाही. राजा मात्र खूश होता, कारण त्याच्या खजिन्यात रोज नवी रत्नं येऊन पडत होती.

कासारआळीत केरबा आणि त्याची थोरली बहीण सगुणा राहत. आईबापांमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. एके सकाळी सगुणानं आळीच्या मोठ्या भिंतीला हळदीचं बोट लावलं.

केरबा हसला. "आक्का, कुठल्या काळातली गं तू? हळद भाजीत घाल. मी सांगतो साळुंकीला."

"सांग की. पण पुसू नकोस हो."

त्यानं पुसलं, सदऱ्याच्या बाहीनं. मग साळुंकीला म्हणाला, "भिंतीला पोट आलंय." साळुंकी म्हणाली, "ऐकलं, ऐकलं."

तिसऱ्या दिवशी सगुणा भिंतीच्या सावलीत बांगड्या निवडत बसली होती, आणि भिंत अंगावर आली.

केरबानं नखांनी दगड उपसले. बहिणीला अग्नी दिला. तिथून उठला तो थेट साळुंकीपाशी गेला आणि त्यानं तिची मान धरली.

"बोल. कुणाला सांगितलंस?"

"मायाधराला. तो गाऱ्हाण्याचा रत्नासारखा खडा करतो आणि खजिन्यात टाकतो. खडा फोडला, तर मागितलेलं घडतं."

"मग भिंत उभी राहील?"

"राहील."

"आणि भिंतीखालची?"

साळुंकी गप्प राहिली. केरबानं त्या गप्प राहण्याला होकार धरलं.

"खजिन्याला तीन दारं आहेत," साळुंकी म्हणाली. "वेशीतला खड्डा एकट्यानं बुजव, पहिलं उघडेल. उघड्या विहिरीला कठडा बांध, दुसरं उघडेल. तिसऱ्यापुढे आपली चूक मोठ्यानं बोल."

केरबानं खड्डा बुजवला. पहिलं दार उघडलं. कठड्याला दगड मिळेनात, तेव्हा पडक्या भिंतीचेच दगड त्यानं डोक्यावरून वाहिले. एकावर बांगडीची हिरवी काच रुतलेली होती. तो दगड त्यानं सगळ्यांत खाली बसवला. दुसरं दार उघडलं.

तिसऱ्या दारापुढे तो सकाळपासून उभा होता. मायाधराला शिव्या दिल्या, राजाला दिल्या, दारावर डोकं आपटलं. दार हललं नाही. दुपार झाली, तेव्हा तो पुटपुटला, "पुसलं."

"मोठ्यानं," दार म्हणालं.

"बोट मी पुसलं! आक्का नको म्हणाली होती!"

दार उघडलं.

आत खड्यांचे ढीग होते आणि राजा त्यांत बसून एकेक न्याहाळत होता. शेजारी मायाधर उभा होता.

"कोण रे तू?" राजानं विचारलं.

"भिंतीखाली गेली तिचा भाऊ."

"महाराज, प्रजा सुखी आहे," मायाधर म्हणाला.

केरबानं आपला खडा शोधला आणि राजाच्या कानाला लावला. खडा केरबाच्या आवाजात म्हणाला, "भिंतीला पोट आलंय."

राजानं दुसरा कानाला लावला, मग तिसरा. "हे सगळे असेच?"

"सगळे."

"फोड," राजा म्हणाला, आणि स्वतःही फोडू लागला.

खडे फुटले तसे नगरात पायऱ्या जागेवर बसल्या, कठडे उभे राहिले. मायाधराचा मूठभर चुना झाला. केरबा तिथं थांबलाच नाही. धावत आळीत आला. भिंत सरळ, ताठ उभी होती.

"आक्का!"

सावलीत कुणी नव्हतं. भिंतीवर, सगुणाच्या खांद्याइतक्या उंचीवर, हळदीचं बोट पुन्हा उमटलं होतं.

"गाऱ्हाणं भिंतीचं होतं, केरबा," साळुंकी म्हणाली. "आक्काचं तू मागितलंच नव्हतंस."

राजानं जुनी रीत पुन्हा लावून दिली आणि साळुंक्यांना रानात सोडलं. त्यानंतर नगरात लागलेली बाकीची बोटं काम होताच ज्यानं त्यानं पुसली. हे एक राहिलं. ते पुसायचा हक्क जिचा होता, ती नव्हती. आणि बोट आहे तोवर काम बाकी. म्हणून कासारआळी आजही रोज त्या भिंतीपाशी जमते, दगड न् दगड चाचपते. सगळे गेले तरी केरबा मागं राहतो, बाही मुठीत घट्ट धरून.

ऐकणाऱ्या, तुझ्या दारची भिंत आज हात लावून बघ. सांगून येऊ नकोस, बघून ये.