साळूचे काटे आणि भुतावळीचे पान

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक साळू राहत असे, आणि मुलांनो, ती फार रागीट होती. साळू म्हणजे साळींदर. पाठीवर काट्यांचा भारा घेऊन हिंडणारा प्राणी. राग आला, की तिचे काटे आपोआप उभे राहत आणि खळखळ वाजू लागत. त्यामुळे बिचारीला आपला राग कधी लपवताच येत नसे. गेले वर्षभर तर ते काटे खाली गेलेच नव्हते, आणि त्याला कारणही तसेच होते.

त्या जंगलात आश्विनातल्या अमावस्येला भुतावळ होत असे. सूर्य टेकला, की सगळे प्राणी भुते बनून तळ्याकाठी जमत. कोणी अंगाला राख फासत, कोणी शेवाळाच्या जटा लावत, आणि पिल्ले एकमेकांना घाबरवून घाबरवून बेजार होत. मग खाणे. दर वर्षी एकाची पाळी असे. त्याने पळसाच्या पानांवर भुतांना शोभेल असा फराळ मांडायचा. दंडक एकच होता. जंगलातले सर्वांत लहान पिल्लू ज्या पानातला पहिला घास घेईल, त्याच पानावर बाकीच्या पिल्लांनी बसायचे.

गेल्या वर्षी कोल्ह्याची पाळी होती. कोल्हा आळशी आणि धूर्त. फळे तोडायची, कंद उकरायचे, हे कोण करणार! तो डोंगरापलीकडच्या गावात गेला, भजीवाल्याच्या मागच्या उकिरड्यावरून तीन दिवसांची शिळी भजी उचलली आणि ऐटीत आणून मांडली. तेव्हा सर्वांत लहान पिल्लू साळूचेच होते. त्याने पहिला घास घेतला, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि पुढे चार दिवस त्या पिल्लाच्या पोटात पाण्याचा थेंब ठरला नाही. ते वाचले, पण अजूनही त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. इतरांची पिल्लेही कमी-जास्त आजारी पडली. आणि मुलांनो, जंगल काय म्हणाले असेल? "भजी मात्र खमंग होती हो!"

हे ऐकून साळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती आजपर्यंत उतरली नव्हती.

यंदा पाळी साळूची होती. तिने मनाशी ठरवले, की या पानांवर तेलाचा थेंब नाही आणि शिळे काही नाही. सगळे ताजे आणि कच्चे. खरे तर जंगलात चूल होती कुठे? तरीही भज्यांची चटक लागल्यापासून याच प्राण्यांना कच्चे म्हणजे हलके, गरिबाघरचे वाटू लागले होते. साळू चिडचिड करत राबली. तळ्यात शिरून तिने शिंगाडे काढले आणि अर्धी साल ठेवून असे सोलले, की प्रत्येक शिंगाडा दोन शिंगांचा राक्षस दिसावा. काकड्या दातांनी कोरून कवट्या केल्या. आतून लाल निघणाऱ्या पेरूच्या फोडींच्या जिभा केल्या, सीताफळाच्या गरातल्या काळ्या बिया वर आणून डोळे केले आणि सगळ्यावर डाळिंबाच्या दाण्यांचे रक्त शिंपडले. दोन दिवस ओल्या पानांत बांधून ठेवलेल्या मटकीला लांबलांब मोड आले होते. त्या वळवळत्या आळ्यांचा तिने मधोमध ढीग घातला. इतके भयंकर आणि इतके चांगले खाणे त्या जंगलाने कधी पाहिले नव्हते.

पण सूर्य टेकतो न टेकतो तोच वाऱ्यावरून वास आला. पलीकडच्या दगडावर कोल्ह्याने स्वतःचे वेगळे पान मांडले होते. भजी! तीच शिळी, तेलाने काळी पडलेली.

"पाळी माझी आहे!" साळू ओरडली.

"आहेच की," कोल्हा गोड आवाजात म्हणाला. "तुमचं पान तुम्ही मांडा, साळूबाई. कोणाला पथ्याचं नको असेल, तर आपलं हे असू दे बाजूला."

माकड खो खो हसले. त्याला कशाचेही हसूच येत असे. "पथ्य! भुतावळीला पथ्य! अरे, भुतं काय आजारी आहेत का?"

साळूचे काटे आणखीच ताठ झाले. ती आपल्या पानांसमोर जाऊन उभी ठाकली आणि तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो थांबेचना. "हे खाल्लं तर रक्त वाढतं! याने पोट साफ राहतं! माझ्या पोराचे हाल विसरलात? लाज वाटत नाही? आज सगळ्यांनी हेच खायचं! कोण खात नाही, तेच बघते मी!" एकेका वाक्याबरोबर ती गर्रकन फिरे, आणि काटे खळखळत. शब्दन् शब्द खरा होता. पण पिल्ले एकेक पाऊल मागे सरत होती, आणि भज्यांचा दगड मागेच होता.

यंदा सर्वांत लहान पिल्लू सशिणीचे होते, अवघे महिन्याचे. सशीण भित्री, पण तिला गेले वर्ष आठवत होते. पिल्लाला पुढे घालून ती साळूच्या पानांकडे निघाली. तेवढ्यात साळू पुन्हा फिरली, आणि एक काटा सशिणीच्या कानात घुसला. ती किंचाळून मागे उडी मारून पडली. पिल्लू घाबरून पळाले, ते थेट कोल्ह्याच्या दगडापाशी.

"ये बाळा, ये," कोल्हा म्हणाला. पिल्लाने भज्याला नाक लावले.

"बघा! बघा, कुठे गेलं ते!" साळू किंचाळली. "यांना चांगलं नकोच आहे!"

तेव्हा ती सशीण, जी उभ्या जन्मात कोणाला उलट शब्द बोलली नव्हती, रक्ताळलेला कान घेऊन उभी राहिली. तीही आता संतापली होती. "नको कोण म्हणतंय, ताई? मी तुमच्याच पानाकडे येत होते! पण यायचं कुठून? वाटेत तुम्हीच उभ्या आहात!"

साळूने आपल्या पाठीकडे पाहिले, सशिणीच्या कानाकडे पाहिले. तिला शरम वाटली, आणि तितकाच रागही आला. काटे खाली घ्यायचा तिने प्रयत्न केला. ते काही जाईनात. राग खरा होता, तो जाणार कसा? मग तिने दुसरेच केले. ती आपल्या पानांपासून निघाली, तडातडा चालत दगडापाशी गेली, सशाच्या पिल्लाला नाकाने हळूच बाजूला सारले आणि कोल्ह्याच्या भज्यांकडे पाठ करून उभी राहिली. आता सगळे काटे कोल्ह्याकडे होते आणि तोंड पिल्लांकडे.

"तिकडे आळ्या आहेत," ती एवढेच म्हणाली. "राक्षसांची मुंडकीही आहेत. हिंमत असेल त्यानेच खावीत."

रक्त वाढण्याचे तिने नावही काढले नाही. सशाचे पिल्लू थोडे थांबले, मग टुणटुण उड्या मारत गेले आणि मोड आलेली एक लांबलचक मटकी तोंडात धरून ओरडले, "आई, मी आळी खाल्ली!" झाले! सगळी पिल्ले तुटून पडली. कोणी जिभा चावल्या, कोणी डोळे चोखले, आणि माकड दोन शिंगाडे एकदम तोंडात कोंबून हसायचे विसरले.

"साळूबाई, एवढं काय ते मनाला लावून घ्यायचं?" कोल्हा काट्यांआडून म्हणाला. "थोडी वाट द्या. एवढं आणलेलं वाया जाईल."

"वाया कशाला घालवतोस?" साळू मागे न वळता म्हणाली. "तू खा ना!"

सगळे जंगल कोल्ह्याकडे पाहू लागले. कोल्ह्याने एक भजे उचलले, हुंगले आणि हळूच खाली ठेवले. त्याने गेल्या वर्षीही स्वतः एकालाही तोंड लावले नव्हते.

तात्पर्य : राग खरा असेल तर तो जरूर धरावा, पण ज्यांच्यासाठी तो आला त्यांच्या वाटेत उभे न राहता, ज्याच्यामुळे आला त्याच्या वाटेत उभे राहावे.