तिसऱ्या हाकेला ओ

‘‘बा, होडी आण, भूक लागली...’’

खाडीपलीकडून यायची ती हाक. शाळा सुटली की माझा थोरला, हरेश, त्या काठावर उभा राहून ओरडायचा. मी हातातलं टाकून वल्हं उचलायचो.

पुढं तो मोठ्या बोटीवर कामाला गेला. परत आला नाही. पत्ता नाही, काही नाही.

गेल्या शिमग्यात फोन वाजला. ‘‘बा, मी हरेश. परदेशात अडकलोय. पैसे पाठव. कुणाला सांगू नकोस.’’

मी पाठवले. नव्या जाळ्यासाठी ठेवलेले, सगळे. तो हरेश नव्हता.

धाकटा जना मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं माझा फोन काढून घेतला. मी जेवेनासा झालो, तेव्हा मला पिराच्या टेकडीवर याकूबचाचांकडे घेऊन आला. चाचा फकीर. गाव त्यांचं ऐकतं.

‘‘चाचा, ह्याला समजवा. अजून फोन मागतो,’’ जना म्हणाला.

चाचांनी मला विचारलं, ‘‘भिकू, आवाज हरेशचा होता?’’

‘‘नव्हता.’’

‘‘मग?’’

‘‘बा म्हणाला...’’

‘‘बा तर बकरीपण म्हणते,’’ जना म्हणाला.

चाचांनी त्याला भिंतीमागं पाठवलं. ‘‘तिथून बापाला हाक मार.’’

‘‘बा.’’

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

‘‘बा, ऐकतोस ना?’’

हात तसाच.

मग आवाज आला, कापरा. ‘‘बा... बरा आहेस ना?’’

चाचांनी हात काढला. मी ओ दिली. जना धावतच आला.

‘‘अंधारात कुणी हाक मारली तर तुम्ही कोळी काय करता?’’ चाचांनी विचारलं.

‘‘तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. भूत तिसरी हाक मारत नाही.’’

‘‘मग फोनवर कशी दिलीस? आधी फोन ठेवायचा. जनाला बोलवायचं. कुणाला सांगू नकोस म्हणाला, तर पहिलं जनालाच सांगायचं.’’

मी मान हलवली. पण राहवलं नाही.

‘‘चाचा, खरंच हरेश असला... आणि त्यानं एकदाच हाक मारली तर?’’

जनानं मान खाली घातली. चाचांनी खाडीकडं बघितलं.

‘‘तुझा असेल तर रागावून पुन्हा हाक मारील.’’

जनानं खिशातून माझा फोन काढला, माझ्या मांडीवर ठेवला, आणि टेकडी उतरू लागला.