चितेतून परतणारे

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी शैलावती नगरीत राजा सुदंत राज्य करीत असताना बोधिसत्त्व चिता रचणाऱ्यांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव भद्रक.

त्या नगरीत एक भीती होती. चिता पेटली की कधी कधी ओंडक्यातून एक प्राणी बाहेर येई. सरड्याएवढा, ओल्या काळ्या कातडीचा, पाठीवर नारिंगी ठिपके. तो कसलाच आवाज करीत नसे. लोक त्याला ‘परतका’ म्हणत. मेलेला माणूसच घरी यायला निघाला आहे, असे ते समजत. मग सख्ख्या नातलगाने तो चिमट्याने पुन्हा आगीत टाकायचा, अशी रीत होती.

त्याच नगरीतल्या पद्मिकेची चार वर्षांची मुलगी चित्रा तापाने गेली, तेव्हा तिच्या चितेतून परतका निघाला आणि सरळ पद्मिकेच्या पावलांकडे आला. तिच्या हातून चिमटा गळून पडला. भद्रकाने तो जीव ओंजळीत उचलून नेला.

लवकरच लोक बोलू लागले, भद्रकाच्या परसात मेलेली माणसे राहतात. एका संध्याकाळी नगरशेठ वसुपाल माणसे घेऊन ते परस जाळायला निघाला. पद्मिकेनेही मशाल घेतली. कशासाठी, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

परसात कुजक्या ओंडक्यांची रास होती, ओला पाचोळा होता, मधे उथळ डबके. उजेड पडताच पाचोळा हलला. एक डोळा चमकला. मग दहा. मग मोजता येईनात. सगळे मुके, सगळे जणू तिच्याकडेच पाहत असलेले.

“अरे भद्रका, हे काय मांडलंयस?” वसुपालाचा आवाज कापरा झाला.

“शेठजी, हे रानातल्या ओंडक्यांत राहतात. लाकूड मी आधी इथं ठेवतो. ते सुकू लागलं की हे ओल शोधत पाचोळ्यात उतरतात. तापाच्या साथीत तेवढी उसंत मिळाली नाही, लाकूड थेट चितेवर गेलं.”

पद्मिकेने ते ऐकलेच नाही. “दादा, यातली माझी चित्रा कोणती?”

वसुपालाचा सूर क्षणात पालटला. “दाखव रे तिला! इथं देऊळ बांधू. तुपाचे दिवे, दुधाचा अभिषेक. स्मशानातून उठून पुजारी होशील!”



“दुधानं डबकं नासेल, शेठजी. आणि ही ताई जन्मभर इथंच बसून राहील.” मग भद्रक पद्मिकेकडे वळला. “ताई, यातली तुझी कोणतीच नाही. तुझी लेक गेली. ही दुसऱ्या कुणाची लेकरं आहेत.”

 पद्मिकेच्या पावलावरून काहीतरी गार, ओले सरकत गेले आणि थांबले नाही. त्याला तिची ओळख नव्हती. चित्रा गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली.

मागून कोणी ओरडले, “जाळा!”

तिने डोळे पुसले, आपली मशाल मागे घेतली. “शेठजी, मशाल लांब धरा,” ती म्हणाली. “पाचोळा वाळतोय.”

वसुपाल एक पाऊल मागे सरला. मग सगळेच सरले.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध विहाराच्या परसाकडे वळले. तिथे भिक्खू तिष्य झाडून काढलेला पाचोळा पेटवायच्या तयारीत होता. “तिष्या, त्या जन्मी तो वसुपाल तू होतास. मशाल अजून तुझ्या हातात आहे. पद्मिका म्हणजे इथे बसलेली ही भिक्खुणी सुव्रता, आणि भद्रक मी. मोठ्या लाभासाठीही दुःखी माणसाला खोटा दिलासा न देणे, ही सत्याची पूर्णता, सत्यपारमिता.”