खुंटाला बांधलेली हंसी

पूर्वी कनकावती नगरीत वसुमित्र राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व पद्मसर तळ्याकाठी, फासे लावून पाखरे धरणाऱ्यांच्या गावात जन्मला. त्याचे नाव वल्लक. राजाने तळ्यातल्या पाखरांना अभय दिले, तेव्हा गावाच्या पोटावर पाय आला. वल्लकाने फासे मोडले आणि वाटसरूंना तळ्यातले हंस दाखवायला नाव बांधली. हंस पाहायला वाटसरू थांबू लागले. कुणी नाव चालवी, कुणी भात रांधी, कुणी लव्हाळ्याच्या चटया विकी. बारा वर्षे गाव पोटभर जेवले. वल्लक मात्र म्हातारा झाला, थकला.

पुढे पाहुणे वाढले आणि त्यांचा धीर आटला. आल्याबरोबर हंस दिसलाच पाहिजे! गावकऱ्यांना जुनी विद्या आठवली. फासेवाल्यांचे हात ते, सवय सुटते थोडीच? त्यांनी एक हंसी धरून घाटाजवळच्या खुंटाला बांधली. ती ओरडे, थवा खाली उतरे, पाहुणे खूश होत. आपण मारत तर नाही, असे सगळे म्हणत.

पण अशा हाकेला फसत राहिलेला थवा पुढे ते तळेच सोडतो, हे वल्लक जाणून होता. सांगून सांगून त्याची जीभ झिजली.

एके सकाळी पाचशे गाड्यांचा व्यापारी तांडा घेऊन सार्थवाह पूर्णभद्र आला. "हंस दिसले, तर दरवर्षी मुक्काम इथेच," तो म्हणाला. वल्लक पाण्यात उतरला आणि त्याने दोरी कापली. हंसी उडून गेली.

"अहो, काय केलंत हे!" त्याची बायको कालिका कळवळली. "आता गावानं खायचं काय?"

"खोट्या हाकेनं आणखी एक हिवाळा निघेल, कालिके. पुढे पाखरंच यायची नाहीत. मी थकलो गं. पण हे मला बघवत नाही."

"हंस कुठे आहेत?" पूर्णभद्राने विचारले.

"आज दिसतील असं सांगता येत नाही, महाराज."

गाड्या निघून गेल्या. तो हिवाळा गावाने पेजेवर काढला. वल्लकाशी कुणी बोलेना. त्याला फार वाईट वाटे, तरी तो रोज रिकामी नाव घाटावर नेई.

तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्याची दृष्टी गेली होती. एका सकाळी घाटावर कालिकेने त्याचा हात घट्ट धरला. "हंस उतरलेत हो," ती म्हणाली. "सगळं तळं भरलंय. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना."

हे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, ती कालिका म्हणजे आजची यशोधरा, पूर्णभद्र म्हणजे आनंद, आणि थकलेला वल्लक मीच होतो. आपल्याच माणसांचा रोष सोसून जपलेले सत्य, तीच सत्यपारमिता."